कंपनीचा परवाना आणि अव्याची कॅसेट

विकलेले व्हिडिओ गेम कंपनीने सर्व्हर बंद केल्यावरही खेळता यावेत, अशी मागणी करणाऱ्या युरोपातल्या 'स्टॉप किलिंग गेम्स' मोहिमेच्या सह्या जुलै २०२५ मध्येच १० लाखांवर गेल्या असल्या, तरी आमच्या कट्ट्यावरच्या शिरीषचे मत तसूभरही हललेले नाही. एमबीए झाल्यापासून तो कटिंगसुद्धा 'बिझनेस मॉडेल' म्हटल्याशिवाय पीत नाही. २०१४ च्या 'द क्रू' या मोटारींच्या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद झाले आणि तो विकत घेतलेल्यांनाही खेळता येईना, हा विषय निघताच त्याने घसा खाकरून सांगितले, की ग्राहकाला केवळ परवाना मिळतो, कंपनी तो केव्हाही काढून घेऊ शकते आणि गेम बनवणाऱ्यांचाही या मागणीला विरोधच आहे.

"विरोध कंपन्यांच्या संघटनेचा आहे. कोड लिहिणाऱ्यांना कोणी विचारले?" मानसी म्हणाली. ती स्वतः गेम प्रोग्रामर आहे, त्यामुळे अडचणी तिने लपवल्या नाहीत: सर्व्हरच्या कोडमध्ये दुसऱ्यांकडून परवान्यावर घेतलेले भाग असतात, गाड्यांचे आणि गाण्यांचे करार संपतात, आणि शेवटी हे सगळे सोडवायला कोणी माणसे देत नाही; मात्र सुरुवातीलाच तशी आखणी केली, तर यातले बरेचसे टळते.

"कोनामीसारख्या बड्या जपानी गेम कंपनीने २०१२ मध्ये 'सायलेंट हिल'ची नवी आवृत्ती काढली, तेव्हा मूळ गेमचा अंतिम कोडच जपलेला नव्हता. उलट 'प्रिन्स ऑफ पर्शिया'चा १९८९ चा कोड २०१२ मध्येच तो गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरच्या वडिलांना कपाटातल्या फ्लॉप्यांवर सापडला आणि मेकनरने तो सर्वांसाठी खुला केला, कारण तो त्याचा स्वतःचा होता. आमच्याकडून नोकरी सोडताना लॅपटॉप जमा करून घेतात. माझ्या बाबांच्या कपाटात फार तर माझे रिलीव्हिंग लेटर सापडेल!" तिने केलेला पहिला मोबाइल गेम आज कुठेच चालत नाही, मुलाखतीत दाखवायला तिच्याकडे फक्त स्क्रीनशॉट उरले आहेत.

शिरीष 'भागधारकांचे हित' इथपर्यंत पोहोचला होता, तेवढ्यात अविनाशने जुने उणेदुणे काढले. "आठवीत माझी काँट्राची कॅसेट नेलीस, तिचे काय झाले?"

"माळ्यावर आहे. अजून चालते," शिरीष बेसावधपणे बोलून गेला.

"म्हणजे आपल्यात गेम जतन करणारा हा एकटाच निघाला!" मानसी म्हणाली, आणि कट्टा हसण्यात बुडाला.

"मी ती विकली नव्हती, वापरायचा परवाना दिला होता," अविनाश म्हणाला. "तो आज रद्द."

"इतक्या वर्षांनी?"

"केव्हाही, असे तूच म्हणालास."