सक्रियतेचा दाखला

गेली दोन वर्षे मी एका शहरात रुग्णवाहिकेवर कामाला आहे. ते शहर खरे नाही, रुग्णवाहिका खरी नाही आणि वैद्यकशास्त्रातले मला एवढेच कळते की ताप आला की पडून राहावे. तरीही आठवड्याला चार तास ड्यूटी भरली नाही तर माझी नोकरी जाते आणि ती जाण्याची धास्ती मात्र अस्सल आहे.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. २०१३ मध्ये आलेल्या ग्रँड थेफ्ट ऑटो फाइव्ह या खेळात मुळात गाड्या पळवणे आणि गोळ्या झाडणे एवढाच उद्योग अपेक्षित होता. पुढे फाइव्हएम नावाची सोय झाली आणि कोणालाही स्वतःचा सर्व्हर, म्हणजे स्वतःचे शहर, चालवता येऊ लागले. अशा रोलप्ले शहरात जिंकण्याहरण्याला काही अर्थ नसतो. कोणी पोलीस होतो, कोणी मेकॅनिक, कोणी चोर, आणि प्रत्येकाने आपापल्या भूमिकेतच बोलायचे व वागायचे असते. ज्या भूमिकांवाचून शहराचे अडते, त्या व्हाइटलिस्ट केलेल्या असतात. म्हणजे त्या अर्ज आणि मुलाखत यांखेरीज मिळत नाहीत, आणि मिळाल्यानंतर टिकवाव्या लागतात. माझ्या पात्राचे बालपण, त्याला आयुष्यात बसलेले धक्के आणि त्यातून जागी झालेली सेवावृत्ती यांवर मी दीड पान लिहून दिले होते. त्यानंतर ज्याचा आवाज नुकताच फुटला असावा अशा एका गृहस्थाने चाळीस मिनिटे माझी उलटतपासणी घेतली. माझी पोटापाण्याची नोकरी पंधरा मिनिटांत मिळाली होती आणि तिथे माझ्या बालपणाची चौकशी कोणीही केली नव्हती.

नियम ऐकायला सोपा आहे. आठवड्याला किमान चार तास ऑन ड्यूटी असले पाहिजे. सात दिवसांहून अधिक गैरहजर राहायचे असेल तर आधी एलओए, म्हणजे रजेचा अर्ज, भरायचा. लागोपाठ दोन आठवडे तास कमी भरले तर एक स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइक झाले की रोस्टरवरून, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या यादीवरून, नाव खाली, पदक परत, कपाटातला गणवेशही गायब.

हा नियम कोणा दुष्टाने केला असे म्हणायची मला सोय नाही, कारण तो माझ्याच बोंबेमुळे झाला. रुग्णवाहिकेवर येण्यापूर्वी मी तिथे एक किरकोळ चोर होतो. एका रात्री पळताना मी पुलावरून पडलो आणि रीतसर जखमी झालो. जखमी माणसाने उठून चालू लागायचे नाही, मदत येईपर्यंत विव्हळत पडायचे, असा दंडक आहे. मी वीस मिनिटे विव्हळलो. रोस्टरवर चौदा वैद्यकीय कर्मचारी होते आणि त्या घटकेला शहरात एकही नव्हता. विव्हळण्याचे सगळे प्रकार संपल्यावर मी त्याच अवस्थेत डिस्कॉर्डवर, म्हणजे खेळाडूंच्या गप्पांच्या ॲपवर, एक खरमरीत तक्रार लिहिली, की नुसती पदे अडवून बसणाऱ्यांना काढून टाका आणि काम करणाऱ्यांना घ्या. तक्रार सर्वांना पटली. चौदांपैकी नऊ जण काढले गेले, तासांचा नियम आला आणि रिकाम्या जागी ज्यांना घेतले त्यांत मी होतो.

चार तास म्हणजे काय फार, असे मलाही वाटले होते. परंतु या खेळात अठ्ठेचाळीस मिनिटांत एक दिवस उगवून मावळतो, त्यामुळे माझे चार तास म्हणजे त्या शहरातले पूर्ण पाच दिवस आणि पाच रात्री होतात. एवढा काळ मी रुग्णालयाच्या काउंटरपाशी उभा असतो. रेडिओवर ‘टेन-एट’ म्हणून सेवेत रुजू झाल्याचे जाहीर करायचे आणि मग थांबायचे. खिडकीबाहेर सूर्य डोळ्यांदेखत सरकत जातो, फरशीवरच्या सावल्या लांबतात, दिवे लागतात, पुन्हा पहाट होते. माझे पात्र एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेते, मान वळवते, मनगटावरच्या घड्याळाकडे पाहते. ते घड्याळ पाहणे मी त्याला शिकवलेले नाही, ते त्याचे उपजत दुःख आहे.

रुग्ण का येत नाहीत, याचा मी बराच विचार केला आहे. मला सवड असते ती मंगळवारी रात्री उशिरा, आणि त्या वेळी शहरात जे सहासात जण असतात ते सगळे माझ्यासारखेच तास भरायला आलेले असतात. दोन पोलीस चौकीसमोर गाडी लावून बसलेले, एक मेकॅनिक कोणी गाडी ठोकेल या आशेवर, एक न्यायाधीश रिकाम्या न्यायालयात. गुन्हेगारांना तासांची अट नाही, त्यामुळे ते घरी निवांत झोपलेले असतात. आम्ही सारे सक्रिय आहोत आणि करायला कोणालाच काही नाही.

मधल्या काळात बायको दारात येऊन उभी राहते.

“झोपायला येतोयस ना?”

“ड्यूटीवर आहे गं. अजून पन्नास मिनिटे.”

“कोणी आजारी आहे का तिथे?”

“नाही.”

“मग उठ की.”

“असे कसे उठणार? पंधरा मिनिटे हालचाल दिसली नाही की एएफके, म्हणजे जागेवरून उठून गेलेला, धरतात आणि बाहेर काढतात.”

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. “घरात तुझी हालचाल दिसत नाही तेव्हा कोणाला कळवायचे असते?” एवढे विचारून ती गेली.

त्या हालचालीच्या नियमातूनच माझी बेअब्रू झाली. एका रात्री मला खरोखरच झोप आवरेना, म्हणून मी पुढे चालण्याच्या बटणावर एक खोडरबर आणि खोडरबरावर एक जाड शब्दकोश ठेवला आणि खुर्चीतच डोळे मिटले. माझे पात्र चालू लागले, समोरच्या भिंतीला नाक लावून थांबले आणि तिथेच पाय मारत राहिले. दुर्दैवाने त्या रात्री एक सहकारी ड्यूटीवर आली. तिने मला हाक मारली, उत्तर नाही. समोर हात हलवला, उत्तर नाही. चांगल्या खेळाडूने भूमिका सोडून ‘अरे, झोपलास का?’ असे विचारायचे नसते. तिने विचारले नाही. कामाच्या ताणाने आमच्या एका कर्मचाऱ्याचे मानसिक संतुलन ढळले आहे, असे तिने रेडिओवर जाहीर केले, दोन पोलिसांना बोलावले, मला स्ट्रेचरवर घातले आणि भरती करून घेतले. स्ट्रेचरवरही माझे पाय चालतच होते, असे नोंदवहीत लिहिले आहे. मला जाग आली तेव्हा माझ्या खाटेभोवती सगळे शहर जमले होते. न्यायाधीशसुद्धा आले होते. बिचाऱ्यांना कित्येक आठवड्यांनी काम मिळाले होते. त्या महिन्यातला आमचा एकमेव रुग्ण मी होतो आणि माझ्यामुळे पाच जणांचे तास सत्कारणी लागले. माझे मात्र धरले नाहीत, कारण रुग्ण ऑन ड्यूटी असू शकत नाही. वर एक स्ट्राइक मिळाला तो वेगळाच.

यावर कोणी सुचवील की लिहून खेळायचे रोलप्ले बरे, तिथे घड्याळ तरी नसते. मी तोही भोग भोगलेला आहे. तिथे मी एका बर्फाळ किल्ल्याचा सरदार होतो. दर दहा दिवसांत निदान एक उतारा लिहायचा आणि महिन्याच्या सुरुवातीला हजेरी द्यायची, म्हणजे यादीखाली आपल्या पात्राचे नाव टाकून ते जिवंत असल्याचे कळवायचे. निवृत्तांच्या हयातीच्या दाखल्यासारखेच ते होते. मी सरहद्दीवरच्या हिमवर्षावाचे नऊशे शब्दांत वर्णन करून शेजारच्या राणीला एक प्रश्न विचारला आणि उत्तराची वाट पाहत बसलो. राणीची परीक्षा चालू होती. ती रीतसर रजेवर होती, म्हणून तिला अभय. मी रजेवर नव्हतो आणि लिहितही नव्हतो, म्हणून अकराव्या दिवशी मला निष्क्रिय ठरवण्यात आले. माझे पात्र मारले असते तरी मी समजू शकलो असतो, पण लढाई नाही, विषप्रयोग नाही, साधी अंत्ययात्राही नाही. किल्ला दुसऱ्याला दिला, आणि पात्राचे रूप म्हणून मी निवडलेला नटाचा चेहरा इतरांसाठी ‘मोकळा’ झाल्याची सूचना लागली. राणी परत आली तेव्हा तिने माझ्या प्रश्नाला फार सुंदर उत्तर लिहिले, ते नव्या सरदाराला मिळाले.

खेळासाठी जागण्याची ही रीत जुनीच आहे. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने १९७८ मध्ये शब्दांवर चालणारा मड हा खेळ सुरू केला आणि रिचर्ड बार्टल याने तो पुढे नेला. बाहेरच्या खेळाडूंना तो विद्यापीठाचा संगणक रिकामा असे तेव्हाच, म्हणजे उत्तररात्रीच, खेळता येई, आणि लोक त्यासाठी आपखुशीने जागत. माझी जागरणे मात्र तक्त्यात नोंदवून घेतली जातात.

त्या तक्त्याचेच आता सांगायचे आहे. भिंतीच्या प्रकरणानंतर मी इतका नियमित झालो की चार महिन्यांत मला बढती मिळाली. बढती म्हणजे रोस्टर सांभाळण्याचे काम. दर रविवारी सर्वांचे तास उतरवून घ्यायचे, रजेचे अर्ज तपासायचे, कमी भरलेल्यांना पत्रे पाठवायची. रजेचे अर्ज वाचणे हा या पदाचा एकमेव आनंद आहे. एकाने कारण दिले होते ‘लग्न’, आणि कालावधी तीन दिवस. दुसऱ्याने लिहिले होते, ‘खऱ्या रुग्णालयात रात्रपाळी लागली आहे, क्षमस्व’. आमच्यातला खरा वैद्यकीय कर्मचारी बहुधा तोच एकटा, आणि त्याचेच तास सर्वांत कमी आहेत.

गेल्या रविवारी मी दोन तास बसून तक्ता पुरा केला. एकूण एकच नाव अटीत बसत नव्हते. तीन तास वीस मिनिटे, सलग दुसरा आठवडा, रजेचा अर्ज नाही. नाव माझे होते. तक्त्यावर घालवलेला वेळ ड्यूटीत धरला जात नाही हे कलम मला तोंडपाठ होते, कारण नियमावली मराठीत साफसूफ करताना ते मीच ठळक अक्षरांत टाकले होते. नमुना क्रमांक दोन उघडून मी स्वतःला पत्र लिहिले: आपल्या घटत्या सक्रियतेबद्दल विभागास चिंता वाटते, तरी अठ्ठेचाळीस तासांत खुलासा करावा. पत्र मिळताच वाचले. जरा तुसडे वाटले. खुलासा लिहिला, सोबत मागील तारखेपासून रजेचा अर्ज जोडला आणि मंजुरीचे बटण दाबायला गेलो, तेव्हा स्वतःचा अर्ज स्वतःला मंजूर करता येत नाही, तो विभागप्रमुखांकडे पाठवावा, असे उत्तर आले. म्हणून तो मी प्रमुखांकडे पाठवला. प्रमुख एलओएवर आहेत. त्यांची रजा मीच मंजूर केली होती.