‘शुद्ध तेल खवट होत नाही’ या अभिप्रायास घाण्याचे उत्तर

महोदया,

आमच्याकडून नेलेले पाच लिटर करडईचे तेल दोन महिन्यांत खवट झाले, आणि शुद्ध तेल बिघडत नसल्यामुळे ते जुने किंवा भेसळीचे असले पाहिजे, असे आपण लिहिले आहे. तेलाला वास आला हे आम्ही नाकारत नाही. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र आम्हाला मान्य नाही.

करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल (तेल ज्यांपासून बनते त्या मेदाम्लांपैकी एक) सुमारे ७० ते ७५ टक्के असते. ज्या आम्लामुळे हे तेल हृदयासाठी चांगले मानले जाते, तेच हवेतील प्राणवायूशी चटकन संयोग पावते; शेंगदाणा तेलात मुख्यत्वे असणाऱ्या ओलिक आम्लापेक्षा हा वेग दहापटीच्या घरात जातो. या संयोगातून आधी तयार होणाऱ्या पदार्थांना, म्हणजे पेरॉक्साइडांना, वास नसतो, त्यामुळे बरेच दिवस तेल ठीकच वाटते, आणि ती फुटून हेक्सानलसारखे वासाचे पदार्थ सुटू लागले की खवटपणा जाणवतो. आपल्याला तेल ‘एकाएकी’ बिघडल्यासारखे वाटले ते यामुळेच. (जवसाचे तेल याहून नाजूक, म्हणून ते आम्ही पाव लिटरच्या वर देतच नाही.)

आपण दिलेल्या छायाचित्रात पारदर्शक काचेची बरणी खिडकीपाशी, शेगडीला लागून ठेवलेली आहे व तिला पितळी तोटी आहे. उजेड आणि उष्णता या क्रियेचा वेग वाढवतात. पितळेतल्या तांब्याचा अत्यल्प अंशही तेच काम करतो. शिवाय बरणी रिकामी न करता तीत नवे तेल ओतत असल्याचे आपणच लिहिले आहे. तळाच्या जुन्या तेलातील पेरॉक्साइडे अशा वेळी ताज्या तेलालाही सोबत ओढतात.

दुकानातील रिफाइंड तेल वर्षभर टिकते, ही आपली तुलना वस्तुस्थितीला धरून आहे. शुद्धीकरणात त्यातील धातूंचे अंश व वास काढला जातो आणि काही तेलांत टीबीएचक्यू हे परिरक्षक किलोमागे २०० मिलिग्रॅमपर्यंत घालण्यास कायद्याने मुभा आहे. त्यात गैर काही नाही, पण आम्ही ते घालत नाही.

घाण्यातून काढलेल्या तेलाच्या प्रत्येक खेपेचा सीलबंद नमुना आम्ही अंधाऱ्या कपाटात राखून ठेवतो. उरलेले तेल घेऊन यावे. दोन्ही नमुने आपल्या पसंतीच्या प्रयोगशाळेत तपासू, खर्च आमचा. भेसळ निघाल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल. तोपर्यंत ते तेल स्वयंपाकात वापरू नये आणि पुढील खरेदी एक लिटरच्या डब्यात करावी, ही विनंती.