'लीडरशिप टीममध्ये एकही जपानी नाही' या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला. उत्तराला दोन दिवस घेतले, कारण आधी फाइल उघडून तुमचं म्हणणं ओळ न् ओळ पडताळून बघितलं. इतर वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. साहेबांनी भोसरीतल्या वर्कशॉपसाठी जपानहून जुना पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापायचं, आकार द्यायचं यंत्र) आणला आणि त्याच्या मॅन्युअलचं मराठी भाषांतर आमच्या भाषांतर कंपनीकडून करून घेतलं. त्यात चुका निघाल्या, काम चार दिवस उशिरा मिळालं. त्यांची तिसरी तक्रार जास्त झोंबली: 'वेबसाइटवर लीडरशिप टीम म्हणून चौघांचे कोट घातलेले फोटो, खाली शाचो-बुचो असली पदं, आणि एकही जपानी नाही. या चौघांपैकी कोणी मॅन्युअल उघडून तरी बघितलं होतं का?' (शाचो म्हणजे कंपनीप्रमुख, बुचो म्हणजे विभागप्रमुख.)

नाही, साहेब. चौघांपैकी कोणीही बघितलं नव्हतं.

पान ३८ वर 'गिअरचा खेळ तपासा' असं छापलंय आणि तुमचे ऑपरेटर त्यावर हसले, हे तुम्ही लिहिलंत. मूळ शब्द 'आसोबि'. डिक्शनरीत त्याचा अर्थ खेळ असाच आहे. यंत्राच्या बाबतीत मात्र तो म्हणजे दोन भागांमधली मोकळीक, तुमच्याकडे ज्याला 'प्ले' म्हणतात. भाषांतर करणारी मुलगी एन-१ पास आहे. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची ती सगळ्यात वरची पातळी, पण त्या परीक्षेत शब्द-व्याकरण, वाचन आणि ऐकणं एवढंच तपासतात. लिहायला-बोलायला लावत नाहीत, भाषांतर तर दूरच. तिला दोष देत नाही. गिअर जवळून कधी न बघितलेल्या मुलीला प्रेसचं मॅन्युअल आम्ही दिलं.

पान ६१ वरची चूक हसण्यासारखी नाही. जपानीत मर्यादा सांगायला दोन शब्द आहेत. 'इका' म्हणजे तेवढं किंवा त्याहून कमी, आणि 'मिमान' म्हणजे त्यापेक्षा कमीच, तो आकडा धरायचा नाही. आम्ही दोन्ही ठिकाणी 'पेक्षा कमी' लिहिलं. गिब क्लिअरन्सची (प्रेसच्या सरकत्या भागाशेजारच्या फटीची) मर्यादा मुळात '०.०५ मिमी इका' होती. तुमच्याकडे तो बरोबर ०.०५ मिमी भरला, म्हणजे मूळ मॅन्युअलप्रमाणे पास. तुमच्या फिटरनं आमचा तक्ता वाचून तो नापास धरला आणि अर्धी शिफ्ट शिम (फट जुळवायच्या पातळ पट्ट्या) काढण्या-घालण्यात गेली. चूक पूर्णपणे आमची.

ही चूक सापडायला हवी होती. भाषांतर दुसऱ्या माणसानं मुळाशी ताडून बघायचं, हा आयएसओ १७१०० या भाषांतर सेवेच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा नियम. आमच्याकडे ते सर्टिफिकेट नाही, पण नियम पाळतो असं कोटेशनमध्ये लिहितो. आमचे आकड्यांचे तक्ते नागोयाचे एक निवृत्त इंजिनिअर तपासतात. २९ एप्रिल ते ५ मे जपानमध्ये गोल्डन वीक, बराचसा देश सुट्टीवर. त्यांनी महिनाभर आधी कळवलं होतं. आमच्या प्रोजेक्ट हेडनं, म्हणजे फोटोतल्या 'बुचो'नं, ते वेळापत्रकात धरलं नाही आणि माझ्याही लक्षात आलं नाही. उशीर होतोय म्हटल्यावर तक्ता त्यांच्याकडे न पाठवताच तुम्हाला धाडला. तुम्हाला फोन केला तोही चौथ्या दिवशी. सुट्टीच्या नावावर हा उशीर खपवता येणार नाही.

आता जिथे पटत नाही तेही सांगते. ती पदं मिरवायला लावलेली नाहीत. जपानी ग्राहक व्हिजिटिंग कार्डावर आधी हुद्दा बघतो, कारण कोणाशी काय बोलायचं ते त्यावर ठरतं. 'दाइह्यो तोरिशिमारियाकु' लिहिलेला माणूस कंपनीच्या वतीनं सही करू शकतो, हे त्याला सांगावं लागत नाही. तिथल्या कंपन्यांच्या वेबसाइटवर प्रमुखाचं नाव, स्थापनेची तारीख, भांडवल असं एक पान हमखास असतं. आमचं पान त्याच वळणाचं, त्या ग्राहकांसाठी. भोसरीहून बघणाऱ्याला ते नाटकी वाटलं तर नवल नाही, मलाही माझा तो कोट आवडत नाही.

नागोयाच्या त्या काकांचा फोटो तिथे नाही, कारण ते कामापुरते आमच्याबरोबर आहेत, कंपनी चालवत नाहीत. दाखवण्यापुरता जपानी चेहरा लावणं मला जमणार नाही. आणि तो असता तरी? 'आसोबि' त्याला झोपेतही कळला असता. पण भोसरीत त्याला कोणी 'खेळ' म्हणत नाही, हे त्याला कुठून कळणार? मराठीत जाणाऱ्या कामावर शेवटचा हात मराठी माणसाचाच लागतो. आमच्या चौघांत कमी आहे ती पाना हातात धरलेल्या माणसाची. मी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकले, नंतर अकरा वर्षं मीटिंगांमध्ये दुभाषी होते. हिशेब बघणाऱ्या बाईंना 'अरिगातो'पलीकडे जपानी येत नाही आणि त्यांच्या कामाला ते लागतही नाही. पण मशीनची मॅन्युअल घेतो म्हटल्यावर वर्कशॉपमधला माणूस आधीच शोधायला हवा होता.

तो आता आहे. निवृत्त मेंटेनन्स फोरमन, जपानीचा गंध नाही, पण मराठी मजकूर त्यांनी वाचून 'हे ऑपरेटरला कळेल' म्हटल्याशिवाय मशीनचं काम बाहेर जात नाही. पहिलं तुमचंच मॅन्युअल दिलं. नागोयाहून सगळे तक्ते पुन्हा तपासून आले. तुम्हाला न दिसलेल्या आणखी तीन चुका निघाल्या, त्या लाल खुणा करून ईमेलवर पाठवल्या आहेत. चेकिंगचे पैसे घेतले आणि तक्त्यांचं चेकिंग झालंच नाही, म्हणून ती पूर्ण रक्कम क्रेडिट नोटनं परत करतोय. वेबसाइटवर प्रत्येक फोटोखाली आता पदाबरोबर तो माणूस कशावर सही करतो तेही लिहिलंय. उशीर झाला तर फोन करायचा, हे माझ्या नावाखाली आहे.

दुरुस्त पानं शनिवारी सकाळी माणूस घेऊन येईल. मशीनजवळ टांगायची म्हणून लॅमिनेट केली आहेत, तेलाचा हात लागला तरी चालेल. पान ६१ आल्या आल्या बदला. ३८ सावकाश बदललंत तरी चालेल.