‘बाकीचे बघा कसे कडक पाळतात!’ या फॉरवर्डला उत्तर

दर दोन-चार महिन्यांनी एक फॉरवर्ड आमच्याकडच्या ग्रुपांवर नव्याने उगवतो. मजकूर थोडाफार बदलतो, सांगाडा तोच: शीख पगडीशिवाय दिसत नाही, मुसलमान बाई बुरख्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही, जैन-ख्रिश्चनांचंही ठरलेलं असतं. फक्त हिंदूंनाच ना नियम ना लाज, तेव्हा देवळांत ड्रेसकोड लावा. खाली जोडलेल्या हातांची रांग. मुंबई-पुण्याच्या कुणी हे पाठवलं तर समजू शकतो. पण आपल्या मराठवाड्यातली, नांदेड, लातूर, धाराशिवची माणसं त्याखाली ‘अगदी बरोबर’ लिहितात, तेव्हा प्रश्न पडतो की ही मंडळी घराबाहेर पडतात की नाही?

शिखांपासून सुरू करू, नांदेड आपलंच आहे. खालसा पंथ 1699 साली आनंदपूरला स्थापन झाला आणि गुरू गोविंदसिंगजींचा शेवट 1708 मध्ये नांदेडला झाला. केस, कंगा, कडं, किरपाण आणि कच्छेरा या पाच ककारांचं पूर्ण बंधन येतं ते अमृत छकलेल्या, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्या शिखावर. शीख रहत मर्यादा, म्हणजे शिखांची आचारसंहिता, पुरुषाला पगडी सांगते. बाईला मात्र ती ऐच्छिक आहे आणि चेहरा झाकणारा पडदा तर तिने घेऊच नये असं म्हटलंय. हा झाला कागद. प्रत्यक्षात केस कापलेली, हातात कडं तेवढं ठेवलेली शीख पोरं शोधायला कुठे लांब जायला नको.

कडक नियम आहे तो गुरुद्वाराच्या दारात, आणि तो सगळ्यांनाच आहे. नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वारात परभणीहून आलेला पाहुणा आधी खिशातला हातरुमाल डोक्यावर टाकतो. तो वाऱ्याने दोनदा उडाला की मुकाट्याने तिथला केशरी रुमाल घेतो आणि मागे गाठ मारतो. त्याला कुणी जात-धर्म विचारत नाही, डोकं झाकलंय का एवढंच बघतात. म्हणजे एक नियम व्रत घेणाऱ्याचा, दुसरा जागेचा. फॉरवर्डवाल्याने दोन्हींची खिचडी करून ‘सगळे शीख’ असं लेबल लावलं.

आता बुरखा. कुराणातल्या चोविसाव्या सूऱ्यात (अध्यायात) नजर खाली ठेवायची आज्ञा आधी पुरुषांना आहे, मग बायकांना. चेहरा झाकणं सक्तीचं की नाही, यावर त्यांच्या आलिमांमध्येच, म्हणजे धर्मपंडितांमध्येच, एकमत नाही. हजच्या इहराममध्ये, म्हणजे यात्रेच्या व्रतस्थ अवस्थेत, तर बाईने नकाब लावायचाच नसतो आणि पुरुषाने न शिवलेल्या दोन चादरी गुंडाळायच्या असतात. धर्मातल्या पाच मुख्य कर्तव्यांपैकी एक उघड्या चेहऱ्याने होतं, हे फॉरवर्डवाल्याला कुणीतरी सांगा. आमच्या भागातल्या खेड्यांत म्हाताऱ्या मुसलमान बाया साडीच नेसतात आणि पदर डोक्यावर घेऊन कापूस वेचतात. शेजारच्या सरीतल्या मराठा किंवा धनगर बाईचाही पदर तसाच डोक्यावर असतो, उन्हासाठी म्हणा, सासऱ्यासाठी म्हणा. लांबून सांगा बरं कोण कुठल्या धर्माची!

आकडेही आहेत. प्यू रिसर्च सेंटरने 2019-20 मध्ये देशभरात सुमारे 30,000 लोकांना विचारलं. घराबाहेर डोकं झाकतो असं सांगणाऱ्या मुस्लिम बायका 89 टक्के, शीख 86 आणि हिंदू 59. फरक आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण 59 म्हणजे ‘हिंदूंत काहीच नाही’ कसं? आणि 89 म्हणजे शंभर नव्हे. शिवाय त्या 89 मध्ये पदर आणि ओढणीसुद्धा येते, नुसता बुरखा नाही.

निजामाच्या काळातले फोटो कुणाच्या घरी असतील तर काढून बघा. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो आणि इथले कितीतरी हिंदू वकील, देशमुख, कारकून शेरवानीत फोटोला बसायचे. तेव्हा कुणाचा धर्म बुडाला नाही. दरबार बदलला, कपडे बदलले.

जैन आणि ख्रिश्चनांवर फार वेळ घालवत नाही. दिगंबर मुनी अंगावर सूतही ठेवत नाहीत. आचार्य शांतिसागरांनी 1955 साली आपल्या कुंथलगिरीला सल्लेखना घेतली, म्हणजे अन्नत्याग करून देह ठेवला, ती त्याच व्रतात. त्यांच्यापुढे हात जोडणारा श्रावक, म्हणजे संसारी जैन, मात्र पँट-शर्टात असतो, आणि संध्याकाळी दुकानात तुम्हालाही तेच कापड मापून देतो. कॅथलिक बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असा नियम चर्चच्या 1917 च्या कायदेसंहितेत होता, 1983 च्या संहितेत तो उरला नाही. तरी मराठी ख्रिश्चन आजी प्रार्थनेला पदर घेतेच. नियम गेला, सवय राहिली.

खरा घोटाळा पुढे आहे: ‘आपल्यात नियमच नाहीत.’ वेरूळला घृष्णेश्वराच्या गाभाऱ्यात जाताना पुरुषांना शर्ट-बनियन उतरवावं लागतं, चामड्याचा पट्टाही बाहेर. रांगेत उघडेबंब साहेब, काखेत शर्टाची गुंडाळी, दुसऱ्या हातात मोबाईल आणि पाकीट, आणि पोट आत ओढून धरलेलं. हा ड्रेसकोड नाही तर काय? लिंगायताचं गळ्यातलं इष्टलिंग, माळकऱ्याची तुळशीमाळ, महानुभाव साधूंची काळी वस्त्रं, पूजेचं सोवळं, हे सगळं कुठे गेलं? गावात माळ घातलेला माणूस मटणाच्या पंगतीत दिसला तर आठ दिवस चर्चा चालते. पाळणूक अशी असते.

आणि नियम इतके होते की कुणी काय घालायचं नाही हेही ठरलेलं होतं. डिसेंबर 1927 मध्ये महाडला बाबासाहेबांनी दलित स्त्रियांना मुद्दाम सांगितलं की तुमची लुगडं नेसायची तऱ्हा आणि अंगावरचे दागिने ही अस्पृश्यतेची ओळख आहे, ती टाका. लुगडं किती वर नेसायचं यावरून जात कळावी, याहून कडक ड्रेसकोड कुठल्या धर्मात दाखवता? ज्यांच्या आज्या-पणज्यांनी ते भोगलं, त्यांच्या ग्रुपवर ‘आपल्यात नियमच नाहीत’ हे पाठवायला निबर कातडी लागते.

राहता राहिली शेवटची मागणी, देवळांत ड्रेसकोडची. मुंबईच्या सिद्धिविनायकाने 2025 च्या जानेवारीत तो जाहीर केला. आपल्याकडे तुळजापूरला तो प्रयोग आधीच होऊन गेलाय. मे 2023 मध्ये तुळजाभवानी मंदिरात फलक लागले: अंगप्रदर्शक कपडे, हाफ पँट, बर्मुडा घालून प्रवेश नाही. ओरड झाली आणि त्याच दिवशी ते उतरवावे लागले. उतरणारच होते. तिथल्या गोमुख तीर्थाच्या धारेखाली डोकं धरून ओल्या कपड्यांनी आईपुढे जाणारा भक्त त्या फलकात कुठे बसतो? उघड्या अंगावर कोरडे ओढणारा पोतराज मरीआईच्या नावाने फिरतो, त्याचं अंगप्रदर्शन मोजायचं की नाही? उन्हातान्हात नवस फेडायला आणलेलं चड्डीतलं पोरगं रांगेतून बाहेर काढायचं कुणी, पुजाऱ्याने की सिक्युरिटीवाल्याने? ज्यांना फलक परत लावायचाय त्यांनी एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरं ग्रुपवर टाकावीत. मग इमोजी टाका हवे तेवढे.