एसव्हीएनची जुनी हिस्टरी फेकू नका

संभाजीनगर-लातूरकडच्या डेव्हलपर लोकांत एक मेसेज फिरायलाय, की एसव्हीएनवरून (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं जुनं सॉफ्टवेअर) गिटवर (त्याच कामाचं नवं) जाताना जुन्या हिस्टरीच्या, म्हणजे आधीच्या बदलांच्या नोंदींच्या, भानगडीत पडू नका, लेटेस्ट कोड उचला, 'इनिशियल कमिट' (पहिली नोंद) मारा अन् मोकळे व्हा. कारणं: जुनं कोणी बघत नाही, रेपो (कोड अन् हिस्टरीचा साठा) जड होतो, कन्व्हर्जन बिघडतं, आणि लिनक्स अन् गिट बनवणाऱ्या लिनसनं पण हेच केलं.

जुनं कोणी बघत नाही? आम्ही लातूरला आडत दुकानांचं हिशोबाचं सॉफ्टवेअर सांभाळतो. हमालीच्या हिशोबात एक विचित्र इफ (अट) होता, नवीन पोरगं म्हणालं सर हे फालतू दिसतंय, काढू का. गिट ब्लेम (कुठली ओळ कोणी, कधी लिहिली ते दाखवणारी कमांड) मारलं तर 2013 चा कमिट निघाला, मेसेज एवढाच, "तूर परत मोजली की पट्टीत हमाली दोनदा लागते." ती ओळ काढली असती तर शेतकऱ्याचे पैसे दोनदा कापले गेले असते, आणि ज्यानं ती लिहिली तो केव्हाच पुण्याला गेलाय, मग विचारणार कोणाला? इनिशियल कमिट मारला असता तर प्रत्येक ओळीवर माझंच नाव दिसलं असतं.

रेपो कोडनं जड होत नाही, गिट तो पॅकफाइलमध्ये दाबून ठेवतं. जड होतो झिप अन् डेटाबेस बॅकअपनं, ते कन्व्हर्ट करतानाच गाळा.

लिनसची गोष्ट अर्धीच सांगायलेत. एप्रिल 2005 ला त्यानं गिटमध्ये लिनक्सच्या 2.6.12-आरसी2 व्हर्जनपासून सुरुवात केली हे खरंय, पण त्याच कमिट मेसेजमध्ये लिहिलंय की हिस्टरी आपल्याकडे आहे, गिटमध्ये आणली तर 3.2 जीबी होते, नंतर वेगळी करता येईल. तेव्हा गिट काही दिवसांचं होतं, पॅकफाइल पण नव्हत्या, आणि पुढं लोकांनी ती जुनी हिस्टरी वेगळ्या रेपोत उभी केलीच. जीसीसी कंपायलरवाल्यांनी जानेवारी 2020 ला एसव्हीएन सोडलं तेव्हा तीस वर्षांहून जास्तीची हिस्टरी रिपोसर्जन या कन्व्हर्जनच्या टूलनं सोबत आणली.

कन्व्हर्जन बिघडतं हे मात्र थोडं खरंय, घाईनं केलं तर. एसव्हीएनमध्ये नुसतं युजरनेम असतं, म्हणून आधी ऑथर्स फाइलमध्ये प्रत्येकाचं नाव अन् ईमेल भरा, सोडून गेलेल्यांचं पण. गिट-एसव्हीएन या कन्व्हर्जनच्या कमांडनं आणलेले टॅग (व्हर्जनच्या खुणा) ब्रँचसारखे येतात, त्यांचे खरे टॅग करून घ्या. जुन्या मेसेजमध्ये "आर4512 बघा" असं असतंच (हा एसव्हीएनचा कमिट नंबर), त्यामुळं गिट-एसव्हीएनला नो-मेटाडेटा ऑप्शन लावू नका, नाहीतर तो नंबर कुठल्या कमिटचा हे कळणार नाही. शेवटी प्रत्येक टॅगला दोन्हीकडून कोड काढून डिफ मारा (तुलना करा), एसव्हीएन आपोआप भरतं ते आयडीसारखे कीवर्ड अन् रिकामे फोल्डर सोडून काही फरक दिसला तर जुना सर्व्हर रीड-ओन्ली ठेवून कन्व्हर्जन परत चालवा.