पंधरा किलोंचा जाच

मार्चच्या अखेरीस मी, माझे यजमान आणि आमची सात वर्षांची मुलगी असे तिघे दोन वर्षांच्या मुक्कामासाठी जपानला आलो. वर्धा जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यातल्या आमच्या गावापासून तोक्योपर्यंतच्या प्रवासात जेवढा मनस्ताप झाला, त्यातला बहुतेक नागपूर ते मुंबई या दीड तासाच्या टप्प्याने दिला, आणि येऊन तीन आठवडे झाले तरी त्याबद्दलचा माझा संताप ओसरलेला नाही.

आधी नियम सांगते, कारण तो आम्हाला कोणीही सांगितला नव्हता. मुंबईहून जपानला जाणाऱ्या आमच्या विमानात प्रत्येकाला २३ किलोंच्या दोन बॅगा नेता येत होत्या, म्हणजे तिघांना मिळून १३८ किलो. देशांतर्गत विमानात मात्र साध्या तिकिटावर माणशी १५ किलो सामान विमानाच्या पोटात टाकता येते आणि ७ किलो हातात ठेवता येते. नागपूर ते तोक्यो असे एकच सलग तिकीट काढले, तर नागपूरच्या काउंटरवरही परदेशी प्रवासाचीच सवलत लागू होते. मुंबईपर्यंतचे एक आणि पुढचे दुसरे अशी दोन सुटी तिकिटे काढली, तर पहिल्या टप्प्यावर १५ किलोंच्या वर एक किलोही फुकट जात नाही. आमच्या तालुक्यातल्या तिकीटवाल्याने दोन सुटी तिकिटे काढली, कारण तशी ती तिघांची मिळून साडेतीन हजारांनी स्वस्त पडत होती. “सामानाचं काही टेन्शन घेऊ नका, दोन-दोन बॅगा चालतात,” हे त्याने आम्हाला किमान चार वेळा सांगितले होते.

त्या भरवशावर आमच्या घरी तीन आठवडे बांधाबांध चालली होती. दोन वर्षांसाठी घर सोडणाऱ्या माणसांचे सामान म्हणजे आठवड्याच्या सहलीची बॅग नव्हे. सासूबाईंनी नव्या हंगामाची वायगावची हळद उकडून, वाळवून, दळून पाच किलो बांधून दिली होती. भिवापुरी मिरचीचे तिखट, जवसाची चटणी, सांडगे, खारोड्या, शेवया, वर्षभराचा मसाला, मुलीसाठी जुन्या लुगड्यांची शिवलेली गोधडी, लोखंडी तवा आणि तिच्या पहिलीच्या वर्गाची मराठीची पुस्तके असे ते सामान होते. गावातल्या कापूस व्यापाऱ्याच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर आम्ही प्रत्येक बॅग दोन-दोनदा तोलली आणि एकही २३ किलोंच्या वर जाऊ दिली नाही. सहा बॅगा मिळून १२१ किलो भरल्या. १३८ किलोंची मुभा असताना आम्ही १७ किलो कमीच भरले होते, म्हणजे हावरटपणा केला असे कोणी म्हणू नये.

जे नेता येत नाही, ते आम्ही विचारून, वाचून आधीच बाजूला काढले होते. जपानमध्ये ताजी फळे, भाज्या आणि कच्चा तांदूळ न्यायचा तर आपल्याकडच्या वनस्पती तपासणीचे प्रमाणपत्र सोबत लागते, म्हणून बागेतली संत्री आणि पोत्यातला तांदूळ घरीच राहिला. तिथली वीज १०० व्होल्टची आणि आपली २३० ची, त्यामुळे माझ्या भावाने हौसेने आणलेला नवा मिक्सर तिथे नीट चालला नसता. तोही मी परत केला आणि भाऊ दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही. औषधांचे त्याहून किचकट होते. डॉक्टरच्या चिठ्ठीवरची औषधे तिथे एका महिन्यापुरतीच विनापरवाना नेता येतात, त्याहून अधिक न्यायची तर जपानच्या आरोग्य खात्याचा दाखला आधी मिळवावा लागतो. मला थायरॉईडची गोळी रोज लागते. त्या दाखल्यासाठी डॉक्टरांनी गोळीतल्या औषधाचे नाव आणि रोजचे प्रमाण इंग्रजीत स्वच्छ लिहून द्यायला हवे होते, आणि तेवढा एक कागद मिळवण्यासाठी मला तीन वेळा बसने हिंगणघाटला जावे लागले. परदेशाने घातलेला एकही नियम आम्ही टाळला नाही. आम्हाला बुडवले ते आपल्याच देशातल्या नियमाने, जो तिकिटावर बारीक इंग्रजी अक्षरांत तळाशी लिहिला होता.

विमान संध्याकाळचे होते. जाम चौकातून महामार्गाला लागून आम्ही चार तास आधी नागपूर विमानतळावर पोहोचलो. सोबत सासूबाई, मामंजी, दीर आणि जाऊबाई पोहोचवायला आल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने पहिल्या दोन बॅगा काट्यावर ठेवून घेतल्या, पडद्याकडे पाहिले आणि म्हणाली की तुमची हद्द तिघांची मिळून ४५ किलो आहे, उरलेल्या ७६ किलोंचे पैसे भरा. किलोमागे दर सहाशेच्या घरात होता, वर कर वेगळा. सगळे सामान न्यायचे म्हटले असते, तर पंचेचाळीस हजारांवर रक्कम गेली असती आणि आमची मुंबईची तिघांची तिकिटे मिळून चौदा हजारांची होती. माणूस नेण्याच्या तिपटीहून अधिक पैसे त्याची हळद आणि गोधडी नेण्यासाठी मागायचे, याला मी व्यवहार म्हणू शकत नाही.

आम्ही पुढचे तिकीट दाखवले, व्हिसा दाखवला, दोन वर्षांच्या नेमणुकीचे पत्र दाखवले. उत्तर एकच होते की ही तिकिटे वेगळी आहेत. आमच्या शेजारच्या रांगेत एक जोडपे सिंगापूरला निघाले होते. त्यांचे तिकीट सलग होते म्हणून त्यांच्या भल्यामोठ्या चार बॅगा आमच्या डोळ्यांदेखत त्याच विमानात, एक रुपयाही जादा न घेता गेल्या. वजनामुळे विमानाला धोका होतो, इंधन जास्त जळते, ही कारणे मी समजू शकते. पण त्यांचे २३ किलो विमानाला हलके आणि आमचे २३ किलो जड कसे होतात, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. विमान तेच, पोट तेच, प्रवासीही परदेशीच जाणारे. फरक फक्त एवढाच की त्यांना तिकीट काढताना हे माहीत होते आणि आम्हाला नव्हते, आणि त्या न कळण्याची किंमत आमच्याकडून किलोच्या भावाने वसूल केली गेली.

त्यानंतर जे झाले ते आठवले की आजही अंगाची लाही होते. विमानतळाच्या फरशीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांशी, आम्ही सहाही बॅगा उघडल्या. काय ठेवायचे आणि काय परत पाठवायचे, हे पन्नास मिनिटांत ठरवायचे होते. मुलीची गोधडी आधी बाहेर काढली, मग ती रडू लागली म्हणून परत आत घातली आणि त्या जागेसाठी तवा काढला. आईने दिलेली पितळी पातेली काढली. हळदीच्या पाच किलोंतली एक किलो ठेवली. सासूबाई शेजारी बसून घरी परत जाणाऱ्या पिशव्यांची तोंडे बांधत होत्या. “हे वापस नेऊन म्या कोनाले खाऊ घालू?” एवढेच त्या म्हणाल्या आणि पुढे काही बोलल्या नाहीत. सत्तरीला आलेल्या बाईला नातीसाठी केलेले सांडगे लोकांसमोर फरशीवरून गोळा करावे लागले, ही गोष्ट मी कोणत्याही विमान कंपनीला माफ करणार नाही.

शेवटी अठरा हजार आणि वर कर भरून ३० किलो जादा घेतले, चार बॅगा गेल्या आणि ४६ किलोंच्या दोन बॅगा दिराच्या गाडीतून गावी परत गेल्या. गेलेल्या चार बॅगांतलीही एक तपासणीत अडली. मसाल्यासाठी ठेवलेल्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या तिच्यात होत्या. सुक्या खोबऱ्यात तेल असते, ते आपोआप तापून पेट घेऊ शकते म्हणून विमानात टाकायच्या सामानात ते चालत नाही, असे तिथे सांगण्यात आले. कारण पटण्यासारखे आहे आणि मी वाट्या काढून दिल्या. पण खोबरे आपल्या प्रत्येक घराच्या मसाल्यात असते, तर ही सूचना मराठीत, खोबऱ्याच्या चित्रासह, रांगेच्या सुरुवातीलाच का लावलेली नाही? मला दिसलेल्या फलकावर चाकू, लायटर आणि पॉवर बँक यांची चित्रे होती, खोबऱ्याचे नव्हते.

आम्ही रेल्वेने मुंबईला गेलो असतो, तर हा प्रसंगच आला नसता. शयनयान डब्यात माणशी ४० किलो सामान मोफत नेता येते आणि मुलांना त्याच्या निम्मे, म्हणजे आमचे १०० किलो तसेच गेले असते आणि उरलेल्या २१ किलोंची रेल्वेकडे बुकिंग करता आली असती. पण विमानाने वेळ वाचतो, लहान मूल सोबत आहे, मुंबईला थकून पोहोचू नका, असे सगळ्यांनीच सांगितले.

आणि मुळात आम्ही मुंबईला जायचे तरी का? जपान आमच्या पूर्वेला आहे. व्हिएतनाम, थायलंड, सिंगापूर, तैवान, कोरिया, सगळे पूर्वेलाच आहेत, आणि हल्ली आमच्या भागातली मुले शिकायला किंवा कामाला तिकडे निघाली आहेत. तरीही विदर्भातल्या माणसाने पूर्वेला जाण्यासाठी आधी पश्चिमेला मुंबई गाठायची किंवा उत्तरेला दिल्ली. नागपूरच्या विमानतळाच्या नावात ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द आहे, पण तिथून थेट परदेशी जाणारी मोजकी विमाने आखाताच्या दिशेने जातात. विमानतळालगतचा मिहान हा मोठा मालवाहतूक आणि उद्योग प्रकल्प होणार, नागपूर हवाई वाहतुकीचे केंद्र होणार, हे मी शाळेत असल्यापासून ऐकते आहे, आणि आता माझी मुलगी शाळेत जाते आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा झाला, तोही आम्हाला मुंबईकडेच नेतो. थेट विमान नाही म्हणून दोन टप्पे, दोन टप्पे म्हणून दोन तिकिटे आणि दोन तिकिटे म्हणून फरशीवर उघडलेल्या बॅगा. मुंबईत राहणाऱ्या माणसाने हेच १२१ किलो सामान घरून टॅक्सीत टाकले असते आणि त्याला एक रुपयाही जादा पडला नसता. आम्ही फक्त लांब राहतो, म्हणून भरतो.

तिकीटवाल्याला मी फोन केला, तेव्हा तो म्हणाला की सगळे तिकिटावर लिहिलेले असते, वाचायला हवे होते. वाचायला हवे होते, हे मी मान्य करते. पण ज्याने या कामाचे पैसे घेतले, त्याला आमच्या हातात व्हिसा आणि दोन वर्षांचे नेमणूकपत्र दिसत होते, आणि साडेतीन हजार वाचवण्याआधी “सामान किती आहे?” हा एक प्रश्न विचारणे त्याचे काम होते. कंपनीला मी सविस्तर तक्रार पाठवली, सोबत दोन्ही तिकिटांच्या प्रती आणि भरलेल्या पैशांची पावती जोडली. तिचे उत्तर चार ओळींचे आले की नियमानुसार आकारणी झाली आहे आणि झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. मी काल पुन्हा लिहिले आहे. नागपूरहून त्याच दिवशी परदेशी निघणाऱ्या प्रवाशाने पुढचे तिकीट दाखवल्यावर सामानाची सवलत तिथूनच का देत नाही, आणि सामानाची हद्द तिकिटाच्या पहिल्या पानावर मोठ्या मराठी अक्षरांत का छापत नाही, एवढ्या दोनच प्रश्नांची उत्तरे मागितली आहेत. त्या दोन बॅगा अजून गावी माजघरात तशाच बांधलेल्या आहेत, कारण सासूबाई त्या सोडू देत नाहीत.