मोझी कोण? जिंकला का तो?

आज ऑफिसच्या ट्रेनिंगमध्ये 'प्राचीन चिनी शहाणपण' या नावाखाली दोन तास नुसता सुन त्झू, म्हणजे युद्धकलेवर लिहिणारा तो प्राचीन चिनी सेनानी, पाजला. स्पर्धक म्हणजे शत्रू, बाजार म्हणजे रणांगण. चहाच्या वेळी मी ट्रेनरना विचारलं, मोझीबद्दल काही सांगणार का? ते म्हणाले, "तो कोण? जिंकला का?" तेव्हापासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय.

मोझी हा चिनी तत्त्वज्ञ, इ.स.पू. 5व्या शतकातला, कन्फ्यूशियसनंतरचा. चीनमधली राज्यं तेव्हा एकमेकांच्या उरावर बसलेली. चू हे बलाढ्य राज्य छोट्या सोंगवर चढाई करणार आणि त्यासाठी कुंगशू पान नावाच्या कारागिराने तटावर चढायच्या शिड्याही बनवल्यात, हे त्याच्या कानावर आलं. माणूस उठला आणि दहा दिवस, दहा रात्री चालत चूच्या राजधानीत पोचला. राजासमोर कमरेचा पट्टा सोडून मांडला, हा तट समजा म्हणाला. कुंगशूने नऊ वेळा हल्ल्याचे डाव टाकले, मोझीने नऊही वेळा परतवले. वर सांगितलं, मला मारलंत तरी माझे तीनशे शिष्य सोंगच्या तटावर तयार आहेत. राजाने चढाई सोडून दिली.

जिंकला का म्हणे! एकही माणूस न मरता युद्ध थांबवलं, याला काय म्हणायचं मग?

परतताना सोंगमध्येच पावसाने गाठलं, तर वेशीवरच्या पहारेकऱ्याने त्याला आत घेतलं नाही. ज्यांना वाचवलं त्यांनाच पत्ता नाही. इथे मला दर वेळी भरून येतं.

हो, न लढता शत्रूला नमवणं श्रेष्ठ, असं सुन त्झूही म्हणतो. मान्य. पण मोझी कुणाला नमवायला गेलाच नव्हता. संगीतालाही त्याचा विरोध होता, ते मला अजिबात पटत नाही. आणि सगळ्यांवर सारखं प्रेम करा म्हणाला म्हणून कन्फ्यूशियसच्या परंपरेतला तत्त्वज्ञ मेन्शियस त्याच्यावर तुटून पडला: हे तर बापालाच नाकारणं! आपल्याकडे तरी वेगळं काय बोलतात? "आधी आपली माणसं बघा."

इ.स.पू. 221 पर्यंत छिन राज्याने बाकीची सगळी राज्यं गिळली, पुढे मोझीचा पंथही विरला. तेव्हा ट्रेनरसाहेबांच्या हिशेबात तो हरलाच. चीनने 2016 साली क्वांटम उपग्रहाला त्याचं नाव दिलं, तेही त्याच्या ग्रंथातल्या प्रकाशाच्या प्रयोगासाठी. त्या दहा दिवसांच्या चालण्यासाठी नाही.

त्याचा एक प्रश्न मात्र कुणाला टाळता येऊ नये. दुसऱ्याच्या बागेतले पीच चोरले तर चोर. कोंबड्या-डुकरं पळवली तर गुन्हा मोठा, बैल नेला तर त्याहून मोठा. एक माणूस मारला तर देहदंड. मग अख्ख्या राज्यावर चालून जाणाऱ्याचे गोडवे का गाता? ग्रुपवर नकाशे टाकून "एवढा भाग घेऊनच टाका" लिहिणारे माझ्या यादीत बरेच आहेत. त्यांना विचारतेय. उत्तर लिहा, नुसता अंगठा नको.